दुसरी रात्र

"सिस्टर, दूध येतच नाहीये."

बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केलेल्या कुठल्याही नर्सला विचारा, सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य ती हेच सांगेल. बाळंतीण म्हणते, तिची आई म्हणते, सासू म्हणते, आणि भेटायला आलेली आत्या बाळाचं तोंड पाहून झालं की तेच म्हणते. माझी सगळी नोकरी पुण्यात झाली. सुरुवातीला महापालिकेच्या प्रसूतिगृहात, पुढे शहरातल्याच एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात. युनिफॉर्मचे रंग बदलले, लोखंडी खाटा गेल्या, पाळण्यांच्या जागी पारदर्शक ट्रॉल्या आल्या. हे वाक्य मात्र होतं तसंच आहे. आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं, हेही तसंच आहे.

बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. दाट, पिवळसर, थेंबाथेंबानं उतरणारा. लोकांच्या डोळ्यांसमोर दूध म्हणजे पांढरं आणि धार लागलेलं, त्यामुळे छाती दाबून पाहिली आणि धार लागली नाही की दूध नाही असं ठरून जातं. पहिल्या चोवीस तासांत बाळाला एका वेळेला लागतं ते दोन ते दहा मिलिलिटर. घरातला साधा चमचा पाच मिलिलिटरचा धरला, तर अर्ध्या चमच्यापासून दोन चमच्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी एका वेळेला पाच ते पंधरा मिलिलिटर. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती जड होते, दूध उतरतं. सिझर झालं असेल, आईला मधुमेह असेल, बाळंतपणात रक्त जास्त गेलं असेल, तर आणखी एखादा दिवस उशीर होतो. या काळात बाळाचं वजन थोडं घटतं. जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत घट आम्ही रोज पाहतो. दहाच्या पुढे काटा गेला की मात्र बालरोगतज्ज्ञांना बोलावतो. दहा ते चौदा दिवसांत बाळ पुन्हा जन्माच्या वजनावर येतं.

यातली एकही गोष्ट गुंतागुंतीची नाही. तरी ती आईला कळते कधी, तर बाळ रडून लाल झालेलं असताना, टाके दुखत असताना, पहाटे अडीच वाजता. गरोदरपणात सोनोग्राफी होते, रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, डोहाळजेवणाचे फोटो होतात. पाजायचं कसं, पहिल्या तीन दिवसांत काय होईल, यावर तिच्याशी कुणी पंधरा मिनिटंही बोललेलं नसतं. मला याचा फार राग येतो आणि तो इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

पहिल्या रात्री बाळ बहुधा झोपतं. जन्माचा शीण त्यालाही असतोच. घरचे खूश असतात. खरी रात्र असते ती दुसरी. बाळाला जाग आलेली असते. ते अर्ध्या-पाऊण तासानं छाती मागतं, पाच-दहा मिनिटं ओढतं, डोळे मिटतं, ट्रॉलीत ठेवलं की किंचाळतं. पुन्हा घ्यायचं, पुन्हा तेच. पहाटेपर्यंत असं चालतं. हा आजार नव्हे आणि उपासमारही नव्हे. बाळ जितकं ओढेल तितका आईच्या शरीराला दूध तयार करण्याचा निरोप जातो, आणि त्यासाठी लागणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. दुसऱ्या रात्रीची ही मागणी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या दुधाची तयारी असते. पण खोलीत त्या वेळी जागी असलेली सगळीच माणसं थकलेली असतात, आणि थकलेल्या माणसाला रडण्याचा एकच अर्थ सुचतो. मग कुणीतरी खाली मेडिकलमध्ये जातं आणि डबा येतो.

अशीच एक रात्र सांगते. सासवडकडची मुलगी होती, पहिलंच बाळंतपण, सिझर. लेक झाली होती, २ किलो ६०० ग्रॅमची. सोबत बाळाची आजी होती, नऊवारीतली, काटक. मी औषधांची ट्रॉली घेऊन आत गेले तेव्हा आजींनी पावडरचा डबा उघडून थर्मासमधलं पाणी वाटीत ओतलेलं होतं.

"आजी, जरा थांबता का?"

"थांबून काय करू सिस्टर? लेकरू संध्याकाळधरनं रडतंय. हिला पान्हाच नाही."

बाळ मानेपर्यंत गुंडाळलेलं होतं, वर लोकरीचं टोपडं. मी दुपटं सोडलं. गुंडाळलेल्या बाळाचे हात बांधलेले राहतात, आणि बाळ छातीशी पोचतं ते हातांनी चाचपडत. त्या मुलीला टाक्यांमुळे मांडीवर बाळ घेता येत नव्हतं, म्हणून कडेला दोन उशा लावून बाळ तिच्या बगलेतून घेतलं, पाय पाठीकडे, डोकं तिच्या तळहाताच्या आधारावर. आतापर्यंत ती काय करत होती, तर स्वतः वाकून स्तनाग्र बाळाच्या तोंडात देत होती. बहुतेक पहिलटकरणी हेच करतात. मग पाठ दुखते, बाळाच्या तोंडात फक्त टोक जातं, ते चावल्यासारखं होतं, चिरा पडतात, आणि दूध काही निघत नाही. आईनं मागे टेकायचं आणि बाळाला आपल्याकडे आणायचं. बाळाचं नाक स्तनाग्राच्या समोर ठेवलं, वरच्या ओठाला हलकेच लावलं आणि थांबलो. इथे थांबावंच लागतं. बाळ आधी नुसतं तोंड हलवतं, जीभ काढतं, चिडतं. मग एका क्षणी जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं. तेवढ्यात पाठीला आधार देऊन त्याला जवळ घ्यायचं. हनुवटी छातीत रुतली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून जास्त आत गेलेला पाहिजे.

तिसऱ्या खेपेला बाळानं नीट धरलं. आधी भराभर ओढलं, मग वेग मंदावला. मोठा, खोल घोट आणि मध्ये थांबा. गिळल्याचा बारीकसा आवाज येतो, तो मी आजींना कान देऊन ऐकायला लावला. मग दुसऱ्या बाजूला मी बोटांनी दाबून स्टीलच्या चमच्यात चीक काढला. चमच्याचा तळ जेमतेम झाकला जाईल इतका, पिवळाधमक.

आजी चमच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा तर चीक. वासराला पाजल्याबिगर खरवसाला काढत नाही आम्ही." मग त्यांनी वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. मला त्यांना एक शब्दही शिकवावा लागला नाही. गोठ्यात जन्मभर पाळलेला नियम त्यांनी नातीला लावला, एवढंच.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास गेला. माझ्या मते पहिल्या दिवसांतल्या बहुतेक अडचणींचं उत्तर या अर्ध्या-पाऊण तासात आहे, आणि रुग्णालयांत नेमका तोच नसतो. रात्रपाळीला वॉर्डभर एक-दोन सिस्टर आणि एखाद्या मावशी. कुणाचं सलाइन संपलेलं, कुणाचा रक्तदाब चढलेला, कुणी नुकतीच लेबर रूममधून आलेली. त्यात एका खाटेशेजारी पाऊण तास बसायचं म्हणजे बाकीच्या खाटा उघड्या टाकायच्या. डबा उघडायला दोन मिनिटं लागतात. कुणी वाईट हेतूनं तो उघडत नाही. पण एकदा पोटभर पावडरचं दूध गेलं की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढा वेळ छातीला निरोप जात नाही, दूध उतरायला आणखी उशीर होतो, आणि सकाळी राउंडला "दूध नाहीच हो हिला" हे वाक्य पुराव्यासह सांगता येतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्याच पाहणीत जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण जवळपास ४२ टक्के आहे. बाई दवाखान्यापर्यंत पोचली आहे. तिच्या शेजारी बसणारं माणूस पोचलेलं नाही.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा आणि २००३ ची त्यातली दुरुस्ती यांनी दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डबाबंद दुधाची आणि आहाराची जाहिरात बंद केली. फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही. हा कायदा हवाच होता. पण मध्यरात्री रडणाऱ्या बाळाशेजारी कायदा येऊन बसत नाही.

वजनाची भीती हा आणखी एक मोठा विषय. अडीच-पावणेतीन किलोचं बाळ पाहिलं की घरचे म्हणतात, "फारच नाजूक आहे, वरचं सुरू करा." पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच होतं, युरोपातल्या बाळांपेक्षा बरंच कमी. मात्र त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेलं आपलं बाळ, हे त्यांचं निरीक्षण पुढे जगभर गेलं. ते वाचल्यापासून मी नातेवाइकांना एक गोष्ट ठामपणे सांगते. पूर्ण दिवसांचं, अंगावर नीट ओढणारं, शू-शी करणारं २ किलो ६०० ग्रॅमचं बाळ अशक्त नाही. त्याला गुटगुटीत करण्याच्या नादात वरचं दूध भरू नका.

बाळाला पुरतंय का, हे कळायचा साधा मार्ग लंगोटांत आहे. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी आधी डांबरासारखी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिले काही दिवस म्हणूनच मी कापडी लंगोटांचा आग्रह धरते. डायपर सगळं शोषून घेतो आणि शू झाली की नाही तेच समजत नाही. अलीकडे हे काम मी बाळाच्या बाबांकडे देते. हिंजवडीत कामाला असलेली मुलं असतात, आई-वडील लातूर-नांदेडहून रात्रीच्या बसनं यायचे असतात, घरात जाणतं कुणी नसतं. आपल्याला इथे काहीच करता येत नाही असं वाटून ती कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेली असतात. त्याच मोबाइलवर वेळ आणि लंगोट लिहायला सांगितलं की बायकोला धीर देणारा पहिला माणूस तोच होतो. "दुपारपासून तीन झाल्यात, काळजी करू नकोस," हे त्यानं म्हटलेलं ती माझ्यापेक्षा जास्त ऐकते.

मध चाटवण्याबद्दल दरवेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. मधाचं बोट, गुटी, साखरपाणी यातलं काहीही नको. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजीचं प्रेम खरं आहे, पण मध नको. आणखी एक नेहमीची काळजी: स्तनाग्रं आत ओढलेली असतील तर घाबरायचं कारण नाही. टोक कापलेल्या साध्या सिरिंजमध्ये दट्ट्या उलट्या बाजूनं घालून ती बाहेर आणायची युक्ती दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. काही रुपयांत होणारं काम आहे. आमच्या वॉर्डात कितीतरी बायकांची वाट त्यानं मोकळी झाली.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त कळकळीनं सांगायची आहे. मला धास्ती वाटते ती न रडणाऱ्या बाळांची.

साडेआठ महिन्यांत झालेलं, सव्वादोन किलोचं बाळ. दिसायला अगदी पूर्ण दिवसांच्या बाळासारखं. घरचे म्हणतात, "किती शहाणं बाळ आहे, रडतच नाही." ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यानंतर बसायला लागतो, आणि नुकताच बसलेला तो मेळ लवकर दमतो. असं बाळ छातीला लागतं, चार घोट घेतं आणि झोपतं. ते तृप्त झालेलं नसतं, थकलेलं असतं. त्याला दर दोन-अडीच तासांनी उठवावं लागतं, कपडे सैल करून, पाऊल चोळून. नाहीतर साखर उतरते, कावीळ वाढते. उन्हाळ्यात तर फारच जपावं लागतं. एप्रिल-मे मध्ये लोक बाळाला लोकरीत गुंडाळतात, अंगात पाणी कमी पडतं, तिसऱ्या दिवशी ताप येतो, वजन दहा टक्क्यांच्या पलीकडे घटतं, रक्तात सोडियम वाढतं. अशा वेळी बाळाला वरचं दूध देण्यात क्षणाचाही उशीर करू नये. ते औषध आहे असं समजून, डॉक्टर सांगतील तेवढं आणि तेवढेच दिवस द्यावं. अंगावरच पाजायचं या हट्टापायी सुकलेलं बाळ मी पाहिलेलं आहे, आणि त्या आईइतकं कुणी झटलेलं नव्हतं हेही पाहिलेलं आहे. तिला दोष देणाऱ्या माणसांना मी वॉर्डाबाहेर उभं केलं होतं.

बाळाला एनआयसीयूत न्यावं लागलं की नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगतात, "बाळाला काचेत ठेवलंय." त्या वाक्यानं आईचे हातपाय गळतात. छातीशी बाळ नाही, शेजारच्या खाटेवर दुसरीचं रडतंय, आणि हिनं दर तीन तासांनी हातानं चीक काढायचा. पहिल्या वेळी वाटीत दोन थेंब पडतात. मी ते सिरिंजमध्ये ओढून, वर नाव-वेळ लिहून, बाबांच्या हाती वर पाठवते. त्या दोन थेंबांनी बाळाचं तोंड आतून पुसलं तरी त्याचा उपयोग आहे. थोडं बळ आलेल्या बाळाला चोच असलेल्या छोट्या भांड्यातून पाजतात. दक्षिणेकडून आलेलं त्याचं पलाडई हे नाव रुग्णालयात चालतं, पण चमच्यातला चीक ओळखणाऱ्या त्या आजींनी ते पाहताच ओळखलं असतं, हे तर बोंडलं. बाटली न लावता, घोट घोट, बाळाच्या गतीनं.

आईचं दूध अजून उतरलेलं नाही आणि बाळ दीड किलोचं आहे, अशा वेळी दुसऱ्या आईचं दूध कामी येतं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी आहे. दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी अशा आजारांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, जंतूंची चाचणी करून गोठवून ठेवतात. दूध जास्त येतं म्हणून छाती दाटलेल्या बायका आमच्याकडे रडत येतात. त्यांना मी पेढीचा रस्ता दाखवते. स्वतःचं बाळ झोपलेलं असताना, कधीही न पाहिलेल्या बाळासाठी दूध देऊन जाणाऱ्या बाईबद्दल मला अतोनात आदर आहे.

आणि काचेतल्या बाळाला शक्य तितक्या लवकर आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, कांगारूच्या पिल्लासारखं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात बोगोटाच्या डॉ. एडगार रे यांनी इन्क्युबेटर कमी पडतात म्हणून ही पद्धत सुरू केली. अशी लहानखुरी बाळं पुढे कशी निघतात, ही शंका प्रत्येक आईच्या मनात असते. पुण्यात केईएमच्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत केला. इतकी वर्षं त्याच मुलांच्या घरांशी संबंध ठेवणं हे केवढं मोठं काम आहे, ते आमच्यासारख्यांना कळतं. अशा बाळांना घरी सोडलं म्हणजे काम संपत नाही, त्यांची तपासणी पुढेही करत राहावी लागते, हे या शहरानं तेव्हापासून ओळखलेलं आहे.

सगळ्या व्यवस्थेत मला एक बदल मागायचा असेल तर तो साधा आहे. ज्या रुग्णालयात बाळंतपणं होतात तिथे रात्रपाळीला, फक्त पाजण्यासाठी मदत करणारी एक प्रशिक्षित बाई असावी. औषधांची ट्रॉली तिच्याकडे नको, फाइल नको. तिनं एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचं आणि बसायचं. अनेक रुग्णालयांत आता स्तनपान सल्लागार असतात, पण त्यांची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि गरज लागते ती रात्री.

तुमच्या घरात बाळंतपण व्हायचं असेल तर नाव नोंदवताना खोलीचं भाडं विचारता तसं हेही विचारा, की रात्री पाजायला मदत कोण करतं. साधं बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, सिझरवालीही पाचवीची पूजा घरी व्हावी म्हणून घाई करते. त्यामुळे दूध उतरण्याचे आणि वजन सगळ्यात खाली जाण्याचे दिवस नेमके घरी येतात. घरी गेल्यावर दोन ते तीन दिवसांत बाळाचं वजन करून घ्या, जवळच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे चालेल. बाळ पाच-सहा तास दूध न मागता झोपलं, उठवूनही ओढत नसेल, बारा तासांत शू झाली नसेल, अंग पिवळं दिसत असेल किंवा गरम लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. अपॉइंटमेंटसाठी फोन करत बसू नका. जिथे बाळंतपण झालं त्या रुग्णालयात थेट या आणि लहान मुलांच्या डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगा. वॉर्ड रात्रभर जागा असतो.